शेजारी दिलंय

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, ८ जून २०२५

ती. नाना,
पाया पडते.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. मागच्या खेपेला मी ‘नळाला पाणी नाही’ म्हणाले आणि तुम्ही ‘लई ब्येस झालं, देव पावला’ म्हणालात. तेव्हा काकीच म्हणाली, बाई, त्यांना लिहूनच कळवत जा. टपालात जन्म गेलेला माणूस आहे, कागद बघितला की खूश होतो.

नवी खोली बरी आहे. जिना अंधारा आहे, पण हवा येते. माडीवर दोनच बिऱ्हाडं, आमचं आणि समोर सावित्रम्माचं. सावित्रम्मा अक्कलकोटकडची म्हातारी. एकटीच असते, दिवसभर उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळते. तिला मराठी कळते, पण तोंडातून कानडीच येते, आणि दात नाहीत म्हणून तीही अर्धीच. मला कानडीतलं ‘इल्ला’ तेवढं कळतं. इल्ला म्हणजे नाही. हे म्हणतात, सोलापुरात नव्या माणसाला पहिल्यांदा ‘नाही’च कळतं.

शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशाच्या कारखान्यात मान वर करायला सवड नसते. हे एमआयडीसीत. संस्कृती सुट्टीच्या शिकवणीला जाते ती माझ्याबरोबरच परत येते. सकाळी दाराला कुलूप लागलं की ते संध्याकाळीच निघतं.

त्यातच घोटाळा झाला. मी एक वस्तू मागवली होती. काय ते विचारू नका, हातात पडली की कळवीन. वर्षभर मनात होती. कारखान्यात आत जाताना आमचे फोन सुपरवायझरच्या कपाटात जमा होतात. सुटल्यावर बघते तर पार्सलवाल्याचे मिस कॉल आणि खाली मेसेज, ‘शेजारी दिलंय’. सोबत फोटो, बंद हिरव्या दाराचा. घरमालकानं झाडून सगळी दारं हिरवी रंगवलीत, ह्यात कुठलं दार ओळखायचं?

जिना चढले ती थेट सावित्रम्माच्या दारात. “आज्जी, माजं पार्सल दिलंय का कुनी तुमच्याकडं?” ती चूल फुंकत होती. धुरानं डोळे पुसत म्हणाली, “इल्ला, इल्ला,” आणि आत कुठंतरी हात केला. मला वाटलं, चूल पेटलीये, आता जा म्हणते. सकाळी बघते तर तिच्या दाराला कुलूप. नातीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला गेली म्हणे, कधी येईल कुणाला माहीत नाही.

पार्सलवाल्याला फोन केला तर तो एकच पालुपद लावतो, “ताई, समोरच्या आक्काकडं दिलंया की वो.” म्हातारी नाही म्हणते, हा दिलं म्हणतो. मी काय करू, नाना?

तुमची,
ऋतुजा

टेंभुर्णी
१५ जून २०२५

चि. सौ. ऋतुजास,
नानाचा आशीर्वाद. संस्कृतीला गोड पापा.

पत्र वाचून डोकं तापलं. ‘शेजारी दिलं’ हे वाक्य मी सगळ्या नोकरीत एकदाही उच्चारलं नाही. घराला कुलूप असलं की टपाल पिशवीत परत, आणि उद्या पुन्हा त्याच दारात. बजाबाईची मनिऑर्डर घेऊन मी उसाच्या पाटापर्यंत गेलोय. ती गुडघाभर चिखलात उभी, तिथं तिचा अंगठा घेतला आणि तिच्या ओल्या हातात नोटा ठेवल्या. ज्याचं त्याच्या हातात. शेजारी, भावकी, कारभारी, कुणी मध्ये नाही. आता गाडीवरनं येतात, दाराचा फोटो काढतात आणि निघाले.

तू विचारतेस खरं कोण. अगं, ह्यात विचार करायचा काय? बिड्या वळणाऱ्या म्हातारीला तुझी ऑनलाइन वस्तू घेऊन करायची काय? ती ‘नाही’ म्हणाली ना तोंडावर? मग झालं. त्यानं बंद दार बघितलं, शेजारी म्हातारी एकटी बघितली, आणि वस्तू गाडीच्या डिकीत. वर चोराच्या उलट्या बोंबा. तक्रार कर, सोडू नकोस. तू आहेस गरीब गाय, आणि मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात. माझ्यापुढं असता तर कानाखाली असा आवाज काढला असता की मलासुद्धा ऐकू आला असता.

श्रीमंतरावांना हे पत्र वाचायला दे. त्यांना म्हणावं, घरात बाप्या माणूस आहे हे जरा कळू द्या लोकांना.

काकीचे गुडघे तसेच आहेत. म्हैस व्यायली, खरवस पाठवायचा होता, पण तुझ्या घरी घेणार कोण, म्हणून शेजाऱ्यांनाच वाटला.

तुझा,
नाना

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, २९ जून २०२५

ती. नाना,
पाया पडते.

तुम्ही सांगितल्यासारखं केलं. तक्रार नोंदवली. कंपनीनं पुरावा विचारला तेव्हा त्या हिरव्या दाराचाच फोटो पाठवला आणि लिहिलं की शेजारणीनं नाकारलंय. मग ‘संबंधितावर कारवाई करण्यात आली आहे’ असा मेसेज आला.

गेल्या रविवारी तो माणूस स्वतःच आला. अजिनाथ नाव. सांगोल्याकडचा आहे, लग्नाच्या वयाचा, सुकलेला चेहरा, हेल्मेट हातात. त्याचं काम बंद केलंय म्हणे. तक्रार मागं घ्या म्हणून आला होता. दारातच उभा राहून सांगत होता, “ताई, ह्याच जिन्यात, आक्काच्या हातात दिलंया. तिनं घेतलं आन आत ठिवलं. माज्या डोळ्यानं बघितलंया. तिलाच इचारा की तुमी.” तिच्या दाराला कुलूप. कुलपाला काय विचारायचं?

यांनी तुमचं पत्र वाचलेलं होतं. थोडी बोलाचाली झाली, मग तो गेला. जाताना हेल्मेट जिन्यावर विसरला. ते अजून तिथंच आहे, न्यायला आला नाही.

संस्कृती विचारत होती, तो काका रडत का होता. तिच्यावर मी उगीचच ओरडले. आता हा विषय नको, नाना. वस्तू गेली ती गेली. तुम्ही काकीला जपा, तिला जिना चढू देऊ नका.

तुमची,
ऋतुजा

टेंभुर्णी
७ जुलै २०२५

चि. सौ. ऋतुजास,
आशीर्वाद.

शाबास. आणि श्रीमंतरावांनाही शाबास म्हणावं, दोन शब्द सुनावले ते बरं केलं. तो दारात येऊन रडला म्हणतेस, अगं, हातातलं काम गेलं की सगळेच रडतात. खरा असता तर ताठ उभा राहिला असता. विठ्ठलवाडीला टपाल वाटताना पंचायतीत मी असे किती पाहिलेत.

पण तू पत्र असं घाईघाईनं का संपवलंस? अक्षरही तुझं नाही वाटत, तिरकं गेलंय. संस्कृतीला ओरडलीस ते बरं नाही केलंस. पोरगी जे बघते ते विचारते.

आणि वस्तू कोणती ते आता तरी सांग. गेलेल्या वस्तूचं कसलं आलंय गुपित?

तुझा,
नाना

टेंभुर्णी
११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. ऋतुजास,
आशीर्वाद.

पंचमी झाली, राखी झाली, तुझं अक्षर नाही. काकीनं फोन केला तर ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणालीस म्हणे. ठीक असलेलं माणूस एवढं थोडं बोलत नाही. श्रीमंतरावांचं काही बिनसलं का? पोरगी बरी आहे ना? मी पोस्टात जाऊन रोज विचारतो, तो नवा पोस्टमास्तर आता मला बघूनच लांबून हात हलवतो.

दोन ओळी लिही.

नाना

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. नाना,
पाया पडते.

पत्रं सगळी मिळाली. उत्तर लिहायला हातच होत नव्हता.

गौरी जेवल्या त्या दिवशी सावित्रम्मा परत आली. स्वतःच्या दाराचं कुलूप काढलं, आत गेली, आणि लगेच माझ्या दारात उभी. हातात माझं खोकं. तसंच, चिकटपट्टीसकट. उंदीर लागू नये म्हणून ज्वारीच्या डब्यात घालून ठेवलं होतं तिनं. वर ज्वारीचे दाणे अडकलेले होते, ते ती पदरानं पुसत होती.

खालच्या किराणा दुकानातल्या चनमल्लप्पांना हाक मारली. ते आमच्या दोघींच्या मध्ये उभे राहून कानडीचं मराठी करत होते. ती म्हणाली, मी त्याच दिवशी सांगितलं की हिला, इथंच आहे म्हणून. हातानं दाखवलंसुद्धा. ही ऐकून निघून गेली. मला वाटलं, दमून आलीये, सकाळी नेईल. मग पहाटेच जावई गाडी घेऊन आला, गडबडीत माझ्याही ध्यानातनं गेलं. मी चनमल्लप्पांना म्हटलं, नाही हो, आज्जी ‘इल्ला’ म्हणाल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. “इल्ला न्हवं वो वैनी, इल्ले म्हनली आसंल. इल्ला म्हंजे न्हाई. इल्ले म्हंजे हितंच.”

हितंच, नाना. ती दोनदा म्हणाली होती.

आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. ‘थोडी बोलाचाली’ झाली नव्हती. यांनी त्याच्या कानाखाली मारली. तुमच्या पत्रातलं वाक्य तोंडानं म्हणून मारली. तो कान धरून जिन्यावर बसला, बोटांतून रक्त आलं. मी दारातच होते. मी एक शब्द बोलले नाही. खरं सांगू? त्या घडीला मला बरं वाटलं होतं. वाटलं, कुणीतरी आपल्या बाजूनं उभं राहिलं. ते आठवलं की आता अन्न गोड लागत नाही.

खोकं हातात घेऊन मी तशीच पार्सल कंपनीच्या गोदामावर गेले. तिथला माणूस म्हणाला, आयडी एकदा बंद झाला की कॉम्प्युटर पुन्हा घेत नाही, तुम्ही आता काही केलंत तरी उपयोग नाही. बाहेर त्याच्या सोबतची पोरं गाड्या लावत होती. त्यांतला एक जण बोलला. कानाचा पडदा फाटला होता म्हणे. त्यातच मिळेल ते काम करत पावसात फिरला, कानात पू झाला, दवाखान्यात जायला उशीर झाला. तो कान गेला. आता सांगोला तालुक्यात घरची मेंढरं राखतो. फोन लागत नाही. पत्ता मिळाला तो असा अर्धाच, वस्तीचं नाव आणि आईचं नाव, गोजाबाई. मागच्या बाजूला लिहिलाय.

हे म्हणतात, गप्प बस, उकरून काढू नकोस, पोलिसांत गेला तर निस्तरणार कोण, एकच तर मारली. पण संस्कृतीनं नुसता मोठ्यानं आवाज केला तरी दचकतात.

वस्तू तुमचीच होती. कानाचं मशीन. फोनवर तुमच्याशी बोलावंसं वाटायचं म्हणून मागवलं होतं. सयाजीमामा सोलापूरला आलेत, त्यांच्या हातात देतेय, ते तुमच्या हातात देतील. त्यातच त्याच्यासाठी माझ्या सहीचा कागद आहे, पार्सल मिळालं, त्याची चूक नव्हती असा. तो कसा पोचवायचा, तुम्ही सांगा. तुम्हाला पत्ते सापडतात.

तुमची,
ऋतुजा

टेंभुर्णी
१७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ऋतुजास,
आशीर्वाद.

आधी काम सांगतो. दसऱ्याच्या आत तू आणि श्रीमंतराव, दोघांनी सांगोल्याला यायचं. मी एसटी स्टँडवर थांबतो. रजा नाही, जमत नाही, हे मला सांगायचं नाही. का यायचं ते लिहितो.

सयाजीनं मशीन आणून दिलं. काकीनं कानात बसवलं. पहिल्यांदा ऐकू आलं ते तिचंच रडणं, मी तुझं पत्र तिला वाचून दाखवत होतो ना, म्हणून. दुसऱ्या दिवशी कागद खिशात घातला आणि निघालो. अर्ध्या पत्त्यावर माणूस शोधायची मला सवय आहे. दोन वस्त्या चुकलो, तिसऱ्या ठिकाणी सापडली.

गोजाबाई जाळीतल्या कोकरांना पाला टाकत होती. “कोन म्हनायचं?” मी सांगितलं, सोलापूरच्या ऋतुजाचा चुलता. तिनं हातातला पाला खाली टाकला. बसा म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. मी सांगितलं, बाई, पार्सल सापडलं, शेजारीच होतं, तुमचा मुलगा खरं बोलत होता, आणि तुझ्या सहीचा कागद पुढं केला.

“त्ये मला ठावं हुतं. मला सांगाया येवढ्या लांब आलाव व्हय? ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांगा जावा. गाव म्हनतंया, चोरी केली म्हनून हाकलून दिलाया. सोनमच्या बापानं सोयरीक मोडली, साखरपुडा झाल्याला. तुमच्या कागदानं त्यो परत जोडनार हाय का?”

मी कागद पुन्हा खिशात घातला.

“मारलं कुनी?”

“जावयानं.”

“मग त्यो कुटं हाय? म्हाताऱ्याला कशापायी पाठीवलंय, पार्सलागत? त्यो घरी न्हवता व्हय?”

ऋतुजा, मशीन नसतं तर यातलं काही मला कळलं नसतं. मी मान हलवून ‘हं, हं’ केलं असतं आणि चांगलं काम करून आलो म्हणून घरी येऊन झोपलो असतो. शब्दन् शब्द ऐकू आला. जावयानं मारलं एवढंच मी तिला सांगितलं. त्याच्या हातात पत्र कुणी दिलं, ते सांगायची माझी छाती झाली नाही. पुढच्या खेपेला तुमच्या देखत सांगणार आहे.

तिनं सांगितलं म्हणून गावात गेलो. मारुतीच्या देवळापुढं माणसं बसली होती. उभा राहून मोठ्यानं सांगितलं, अजिनाथनं काही चोरलेलं नाही, चूक आमच्या घरची. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग एक जण म्हणाला, “चोरी न्हवती केली, तर मार खाऊन गप का बसला मग?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीच तुला लिहिलं होतं ना, खरा असता तर ताठ उभा राहिला असता. त्यांच्यात आणि माझ्यात मग फरक तो काय?

वस्तीवर परत आलो तोवर तो मेंढरं घेऊन आला होता. तू लिहिलंस त्यापेक्षा वाळलाय. बोलताना मान वाकडी करतो, चांगला कान पुढं आणायला. कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, घडी केली आणि आईकडं दिला. मी कानातलं मशीन काढून त्याच्यापुढं धरलं. म्हटलं, हे तू ठेव. तो गेलेल्या कानाला हात लावून म्हणाला, “न्हाई चालत वो बाबा. हितं मशीन बी चालनार न्हाई म्हनला डाक्तर. तुमीच घाला.” राग नव्हता बोलण्यात. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, “ताईस्नी सांगा, मी आक्काच्या हातात दिलं हुतं.” मी म्हटलं, तिला कळलंय बाबा, सगळ्यांना कळलंय. तरी पुन्हा म्हणाला, “नुसतं दारात ठिवलं न्हवतं. हातात दिलं हुतं.”

हेल्मेट येताना घेऊन या. विचारत होता.

निघालो तर बांधापर्यंत सोडायला आला. आम्ही दोघं उभे होतो, तेवढ्यात गोजाबाईनं हाक मारली, “आज्या, कोकरू सुटलं रं!” त्यानं हाक ऐकली आणि ओढ्याकडं पळाला. तिनं पुन्हा हाक मारली. तो थांबला, रस्त्याकडं बघितलं, बोरीच्या झाडाकडं बघितलं, जागच्या जागी फिरत राहिला. एकाच कानावर हाक ऐकू येते, पण ती कुठल्या अंगानं आली ते कळत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. त्याची आई त्याच्या पाठीमागंच उभी होती. मी हात करून दाखवलं, तेव्हा त्याला ती दिसली.

जोतीराम नाना